मेलेल्या माणसाची हरकत

वेन्डेल फॉकेनला आम्ही नऊ जानेवारीला पुरलं. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणण्याआधी दोन दिवस तिच्यावर हीटर लावून ठेवावे लागले. मी स्वतः तिथे उभी होते आणि नंतर चर्चच्या तळघरात हॅमचं सँडविचही खाल्लं. त्यामुळे मार्चमधल्या एका सोमवारी, 'वेन्डेल फॉकेन यांनी शुक्रवारी दुपारी तीन बावन्नला हरकत-पत्र पाठवलं' असं स्क्रीनवर वाचलं तेव्हा मला भुताबिताची शंका आली नाही. मला थेट माणसांची शंका आली.

स्वभावच तसा आहे माझा, आणि नोकरीही त्याला साजेशीच मिळाली. राज्याच्या विमा खात्यात मी एकोणीस वर्षं आहे. कंपन्या आपले नवे दर आणि पॉलिसींचे मसुदे ज्या सिस्टममधून सगळ्या राज्यांना पाठवतात, ती कशी चालावी हे ठरवणारं नऊ जणांचं मंडळ आहे, आणि त्या नऊ जणांतली एक मी. कुणाला कोणतं बटण दिसावं, कुणाला दिसू नये, हे नियम माझ्या हातचे. त्यातला चौदावा माझा सगळ्यात लाडका. प्रत्येकाने आपल्याच नावाने काम करायचं. दुसऱ्याच्या नावाने दाबलेलं बटण रद्द. असं काही आढळलं तर राज्याने पाच दिवसांत मंडळाला कळवायचं, नाही कळवलं तर त्या अर्जावर हरकत घ्यायचा राज्याचा हक्कच गेला. मंडळावरचे लोक माझ्या मागे मला 'दरवान मार्लिस' म्हणतात. म्हणोत बापडे.

आता मेलेल्या माणसाचं नाव आमच्याच सिस्टममध्ये जिवंत कसं, तर आमच्या खात्यात दरांचे अर्ज तपासणाऱ्या वेन्डेलच्या नावावर एकतीस जुने अर्ज अडकले होते. अर्ज एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचा तर ज्याचा त्यानेच 'सोडला' हे बटण दाबायचं, नाहीतर मंडळाच्या कचेरीत फॉर्म भरून सहा आठवडे वाट बघायची. हाही नियम माझाच. म्हणून सगळीच राज्यं निवृत्त झालेल्यांची आणि गेलेल्यांची नावं तशीच चालू ठेवतात. मग कुणीतरी गुपचूप त्या नावाने शिरून एखादा अर्ज सोडवतो आणि बाकीचे खिडकीबाहेर बघतात. आम्हीही ठेवलं होतं. वेन्डेलचा पासवर्ड म्हणजे त्याच्या कुत्र्याचं नाव, तो अख्ख्या मजल्याला पाठ होता. दुसऱ्या राज्यात हे सापडलं असतं तर मी त्यांना सोलून काढलं असतं.

पण हे काही जुना अर्ज सोडवणं नव्हतं. हे नवं, खणखणीत पत्र होतं. रिव्हरबेंड केअर लाइफ नावाच्या कंपनीने म्हातारपणी शुश्रूषागृहाचा खर्च देणाऱ्या पॉलिसींचा हप्ता बासष्ट टक्क्यांनी वाढवायला मागितला होता. आमच्या राज्यात अशी दोन हजार तीनशे माणसं, सरासरी वय एक्क्याऐंशी. पंचवीस-पंचवीस वर्षं हप्ते भरलेली. वाढलेला हप्ता झेपला नाही तर पॉलिसी सोडायची आणि भरलेलं सगळं कंपनीला घालायचं. पत्रात पान एकेचाळीसवर बोट ठेवलं होतं. कंपनी म्हणते की दरवाढीनंतर शंभरातले तीनच जण पॉलिसी सोडतील, म्हणजे बाकीच्यांचा खर्च आमच्या डोक्यावर, म्हणून दर वाढवा. पण मागच्या दरवाढीला शेजारच्या राज्यात शंभरातल्या सतरा जणांनी सोडली होती, आणि ते सतरा कंपनीच्याच दुसऱ्या एका कागदात होते. कागदाचा क्रमांकही दिला होता. शेवटी वेन्डेलचं नेहमीचं वाक्य: 'उत्तर देताना पान क्रमांक द्यावा.'

वाचून मी खुर्चीत मागे टेकले. खात्यात नवी आले तेव्हा हरकत कशी घ्यायची ते मी वेन्डेलच्या पत्रांवरूनच शिकले. समोर बसून तो फारसं शिकवायचा नाही, विनोद सांगायचा. पण पत्रं! पत्रात तो दुसराच माणूस असायचा. हे पत्र त्यातल्या उत्तम पत्रांपैकी होतं, आणि तेच मला खटकलं.

कारण आमच्या कायद्यात तीस दिवसांचं घड्याळ आहे. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत राज्याने हरकत घेतली नाही तर तो मंजूर झाला असं धरतात. रिव्हरबेंडचा तो सव्विसावा दिवस होता. शुक्रवारी साडेचारला घड्याळ संपणार. आता ही हरकत मेलेल्या माणसाच्या नावाने आहे हे कंपनीने पुढच्या सोमवारी दाखवून दिलं की नियम चौदा लागणार, हरकत रद्द होणार, आणि बासष्ट टक्के आपोआप मंजूर. हरकत आलीच आहे म्हणून तोवर आम्ही निवांत बसलेले. म्हणजे हे पत्र कंपनीच्याच कुणीतरी, किंवा कंपनीसाठी कुणीतरी आमच्या घरात बसून लिहिलं होतं. इतका गोड सापळा मी कधी पाहिला नव्हता.

आणि तो लावू शकेल असा माणूस आमच्याकडे होता. केंट डालक्विस्ट, नवा उपायुक्त. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तो कंपन्यांच्याच बाजूने वकिली करायचा. स्वतःचं कॉफीचं यंत्र घेऊन आला होता, आणि बर्फातही पातळ तळव्याचे चकचकीत बूट घालायचा. माझ्या मते अशा माणसाचा पाय या गावात कायमचा नसतोच.

त्याच सकाळी तो माझ्या दारात डोकावला. "मार्लिस, ते रिव्हरबेंडचं काय झालं?"

"का? तुला काय त्याचं?"

"सहज विचारलं. दिवस भरत आलेत ना."

"हरकत गेलीये," मी त्याच्या डोळ्यांत बघत म्हटलं.

"हो, वाचली मी. फार छान आहे." आणि तो हसून निघून गेला. छान म्हणे! अर्धा तास माझं दुसऱ्या कशात लक्ष लागलं नाही.

मंगळवारी मी सिस्टमची नोंद काढली. पत्र पाठवणारं यंत्र बाहेरच्या काउंटरवरचं निघालं. मोठा प्रिंटर तिथेच, त्यामुळे तिथे कुणीही बसतं. शेजारी आर्डिस फोलमरचं टेबल. आर्डिस आमची आवक-जावक बघायची. टपाल फोडायचं, येणाऱ्या अर्जांवर नंबर टाकायचा, फोन घ्यायचा. तेहेतीस वर्षं हेच. वाढदिवस कुणाचाही असो, रुबार्बच्या आंबट देठांचा कुखेन, म्हणजे जर्मन केक, करून आणणारी तीच.

"आर्डिस," मी हळूच विचारलं, "शुक्रवारी चारच्या आसपास या यंत्रावर कोण होतं गं?"

"मी होते."

"तू सोडून."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग हातातलं पाकीट फोडत म्हणाली, "केंट येऊन गेला. प्रिंट घ्यायला."

"किती वेळ?"

"प्रिंट घ्यायला लागतो तेवढा."

"त्याच्यावर जरा लक्ष ठेव. कुणाशी बोलतो, काय कागद नेतो. आणि हे आपल्या दोघींतच."

"मला नाही वाटत हं केंट असेल."

"तुला सगळेच चांगले वाटतात," मी म्हटलं, आणि मला तिचं थोडं कौतुकही वाटलं.

पण नुसत्या प्रिंटवर एखाद्याला लटकवता येत नाही. आयुक्तांपुढे जायचं तर पुरावा हवा. ते पत्र केंटचं आहे, वेन्डेलची नक्कल आहे, हे दाखवायला मला अस्सल माल हवा होता. म्हणून बुधवारी मी दार लावून घेतलं आणि वेन्डेलची आजवरची सगळी हरकत-पत्रं काढली. दोनशे सहा निघाली. वाटलं होतं की दहा-बारा वाचली की नक्कल आणि अस्सल यांतला फरक उघडा पडेल.

फरक सापडेना. तेच छोटं वाक्य, तोच दुसऱ्या कागदातला आकडा पहिल्या कागदाच्या तोंडावर मारायचा बेत, आणि 'कृपया' हा शब्द कुठेही नाही. केंटने इतकं हुबेहूब कसं जमवलं असेल, या विचारात मी तारखा बघत होते, आणि एका तारखेवर अडखळले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वेन्डेलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. तीन आठवडे तो रुग्णालयात होता. मी स्वतः त्याला भेटायला गेले होते, तेव्हा त्याला सूप पाजावं लागत होतं. मसुद्यावर त्या तीन आठवड्यांतली तारीख असलेली चार पत्रं होती. आल्या आल्या पहिल्या सकाळी त्याने एकामागून एक पाठवून दिली होती.

मग मला चैन पडेना. पत्रं कुठल्या काळात गेली नाहीत ते मी बघायला लागले. दर फेब्रुवारीत दोन आठवडे कोरे. सव्वीस वर्षं, दर फेब्रुवारीत. वेन्डेल फेब्रुवारीत कुठे जायचा नाही, तो तर बर्फात भोक पाडून मासे धरणारा माणूस. फेब्रुवारीत दोन आठवडे ॲरिझोनाला बहिणीकडे कोण जातं, हे मला रजेचा तक्ता न बघताच माहीत होतं. तरी मी तक्ता बघितला. मी बघणारच.

गुरुवारी सकाळी मी आर्डिसला चहा-कॉफीच्या खोलीत गाठलं. ती सगळ्यांचे कप विसळत होती.

"वेन्डेलची पत्रं तू लिहायचीस," मी म्हटलं.

तिने नळ बंद केला. घाबरली नाही. मला वाटतं, तिला हायसंच वाटलं. "शोधलंस म्हणायचं! दोन दिवस म्हणत होते, ही बाई केंटच्या मागे लागून त्या बिचाऱ्याचा जीव घेणार."

"पण हे झालं कसं?"

"त्याला माणसं कळायची, आकडे कळायचे नाहीत. पहिल्या वर्षी एकदा म्हणाला, आर्डिस, जरा ही बेरीज बघतेस का. बघितली तर बेरीज बरोबर, पण आकडाच खोटा. तो कसा खोटा ते मी कागदावर लिहून दिलं. त्याने ते तसंच पाठवलं, आणि कंपनीने माघार घेतली." ती हसली. "दोघांनी मिळून एक कुखेन संपवला त्या दिवशी. मग तसंच चालू राहिलं. मी लिहायचे, तो बटण दाबायचा. दर वेळी म्हणायचा, या वर्षी वर सांगतो की ही पत्रं तुझी आहेत."

"आणि?"

"आणि मेला." तिने एक कप पुसून ठेवला. "अगं, मला आवडायचं ते काम. शाळेत सर म्हणाले होते कॉलेजला जा. बाबा म्हणाले, मग गाईंच्या धारा कोण काढणार."

"ही हरकत तू माझ्याकडे का नाही आणलीस?"

"आणली होती की. रजेवरून आल्या आल्या, पान एकेचाळीसला पिवळी चिठ्ठी लावून. तू म्हणालीस, हे बाहेरच्या गणितज्ञाकडे दिलंय, तू कशाला डोकं शिणवतेस. तो गणितज्ञ म्हणाला सगळं ठीक आहे. दिवस चालले होते. माझ्या नावाला ते बटणच नाही, मार्लिस. लिपिकांना ते दिसू नये असा तुझा नियम आहे. वेन्डेलच्या नावाला होतं."

मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. ती चिठ्ठी मला आठवली. पिवळा रंग आठवला, बाईचा चेहरा आठवला नाही. मला स्वतःची चीड आली.

"कुणाला सांगायला नको," मी शेवटी म्हटलं. हे माझ्या तोंडून निघालं यावर माझाच विश्वास बसेना. "उद्या तेच पत्र मी माझ्या नावाने पाठवते. वेन्डेलचं आपण..."

"आपण काय? पुसणार? तूच ते पुसता येऊ नये असं करून ठेवलंयस." आता ती टपाल वर्ग करावं तशा शांतपणे बोलत होती. "वेन्डेल गेल्याचं पेपरात छापून आलंय. रिव्हरबेंडचे वकील काय झोपलेत? तू कळवलं नाहीस तर राज्याचा हक्कच जाणार, मग तुझं उद्याचं पत्रही गेलं. पाच दिवस उद्या भरतात. मला नियम माहीत आहे गं, त्याची प्रत मीच सगळ्यांच्या टेबलावर ठेवली होती."

"तुझी नोकरी जाईल. पेन्शनला किती राहिलेत?"

"चौदा महिने."

"आर्डिस..."

"ती दोन हजार तीनशे माणसं आहेत," ती म्हणाली. "त्यातल्या निम्म्यांचे फोन मी घेतलेत."

शुक्रवारी सकाळी मी केंटकडे गेले. उपायुक्त म्हणून अहवालावर त्याची सही लागणार होती. मी सगळं सांगितलं. त्याच्यावर संशय घेतला होता तेही सांगितलं. तो कॉफी ओतता ओतता थांबला.

"म्हणजे ते तू नव्हतीस?"

"मी?"

"मला वाटलं तू लिहिलंस. आयुक्तांना दरवाढ हवीये, म्हणून तू वेन्डेलच्या आडून केलंस असं मी धरून चाललो. म्हणून सोमवारी विचारायला आलो, तर तू असं काही बघितलंस की म्हटलं, नक्की हीच. मग गप्प बसलो." त्याने माझ्यापुढे कप सरकवला. "वकिलीत असताना वेन्डेलच्या पत्राचं पाकीट आलं की आमच्याकडे कुणी जेवायला जायचं नाही. आणि ते सगळं त्या बाईचं होतं?"

"सगळं."

त्याने सहीसाठी पेन काढून ठेवलं. त्या माणसाबद्दल आठ महिने मी जे जे मनात म्हटलं होतं ते सगळं मला परत घ्यावंसं वाटलं, पण तसं बोलायची मला सवय नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी मी हरकत पाठवली. शब्दन् शब्द आर्डिसचा, खाली नाव माझं. पाठवण्याआधी ती म्हणाली, "तिसऱ्या मुद्द्यावर ते उलट विचारतील, तयार राहा," आणि कशी तयार राहू ते तिने मला दोनदा समजावलं. पहिल्यांदा मला कळलं नव्हतं.

मग मी नियमभंगाचा फॉर्म उघडला. आर्डिस शेजारी खुर्ची ओढून बसली. फॉर्ममध्ये चारच रकाने आहेत. कोणती तारीख, कोणती वेळ, कुणाचं नाव वापरलं, प्रत्यक्षात कोण होतं. कारणाचा रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता, लोक कारणं रचतात म्हणून.

"ती दोनशे सहा?" मी विचारलं. "ती कुठे लिहू?"

"ती कशाला लिहायची? त्यांचं बटण वेन्डेलने स्वतः दाबलं होतं. नियमात बसतात ती." ती पडद्याकडे वाकली. "माझं नाव टाक. लवकर कर, साडेचारला टपाल न्यायला माणूस येतो."

मी टाकलं.

रिव्हरबेंडने तिसऱ्याच मुद्द्यावर उलट विचारलं, आर्डिसने समजावलेलं उत्तर मी लिहिलं, आणि एप्रिलच्या शेवटी त्यांनी अर्ज मागे घेतला. नंतर एकोणीस टक्क्यांचा नवा आणला. आर्डिसला आयुक्तांनी राजीनामा द्यायची सवलत दिली, हीच काय ती मेहेरबानी. पेन्शन चौथ्या हिश्श्याने कमी झालं. केंट आणि मी दोघांनी तिच्यासाठी पत्रं लिहिली. माझं पत्र काही तिच्यासारखं जमलं नाही.

जूनमध्ये मंडळाची बैठक झाली. रिव्हरबेंडवरची हरकत सगळ्या राज्यांना नमुना म्हणून दाखवायचं ठरलं. कंपन्यांकडून आलेला एक सदस्य माझ्याशी हस्तांदोलन करत म्हणाला, "वेन्डेलची जागा घेतलीस हं तू." मी ते पत्र कुणाचं आहे ते सांगितलं. तो हसला, त्याला वाटलं मी विनय दाखवतेय. मी फॉर्ममध्ये आणि पत्रांमध्ये 'लिहिणारा कोण' असा रकाना घालायचा ठराव मांडला. तो अभ्यासासाठी पुढे ढकलला.

परत आल्यावर मी टेबलाशी बसले आणि सिस्टमच्या शोध-चौकटीत आर्डिस फोलमर हे नाव टाकलं. सव्वीस वर्षं, शंभर कंपन्यांना घाम फोडलेला, कितीतरी म्हाताऱ्यांची घरं वाचलेली. पडद्यावर एकच नोंद आली. नियम चौदाचा भंग, दुसऱ्याच्या नावाचा वापर. नोंद करणारी म्हणून खाली माझं नाव होतं.